गावची शाळा कोणाची? पंतोजींच्या ओसरीपासून हिंजवडीपर्यंत

१/२०
हिंजवडी म्हटले की काचेच्या उंच इमारती, कंपन्यांच्या बसगाड्या आणि संध्याकाळची वाहतूककोंडी डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु मुळशी तालुक्यातील हे गाव कंपन्यांच्या कितीतरी आधीचे आहे. म्हातोबा हे गावाचे दैवत. हनुमान जयंतीला त्याचे बगाड हिंजवडीहून वाकडकडे जाते. गावात ग्रामपंचायत आहे आणि जिल्हा परिषदेची मराठी शाळाही आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा शनिवारी सकाळी भरतात आणि आयटी कंपन्यांना नेमकी शनिवारी सुट्टी असते. त्यामुळे पुण्याच्या पश्चिमेकडील अशा अनेक शाळांत शनिवारी तरुण अभियंते मुलांना वाचन, गणित आणि संगणक शिकवताना दिसतात.

२/२०
हे दृश्य नवे वाटते. त्यामागचा प्रश्न मात्र दोनशे वर्षांचा आहे. सार्वजनिक शाळेतील मुलाला समाजाने दिलेला हात हे दान समजायचे, गावाची वर्गणी समजायची, की मुलाच्या हक्काचा भाग? महाराष्ट्राने निरनिराळ्या काळांत या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे दिली. त्या तिन्ही उत्तरांचा हा इतिहास.

३/२०
आरंभ पंतोजींच्या शाळेपासून करावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावची शाळा म्हणजे एखाद्या वाड्याची ओसरी किंवा देवळाचा सभामंडप. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, मोडी वाचायची, पावकी, निमकी आणि दीडकीचे पाढे घोकायचे. पंतोजींना सरकारी पगार नव्हता. पालक देतील ते धान्य, सणावाराचा शिधा आणि थोडीफार रोकड यांवर त्यांचा निर्वाह चाले. शाळा पूर्णपणे समाजाच्या आधारावर उभी होती. परंतु ‘समाज’ या शब्दाची व्याप्ती तेव्हा अतिशय आखूड होती. मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना त्या ओसरीवर जागा नव्हती.

४/२०
विद्यार्थ्याला पोसण्याचीही एक जुनी रीत होती, ती म्हणजे ‘वार लावून’ जेवणे. शिक्षणासाठी पुण्यासारख्या शहरात आलेला गरीब मुलगा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असे आठवड्याचे सात वार सात घरी जेवत असे. ज्यांना वार मिळत नसत ते झोळी घेऊन माधुकरी मागत. पुण्यात १९०९ साली ‘अनाथ विद्यार्थी गृह’ स्थापन झाले, तेच पुढे ‘पुणे विद्यार्थी गृह’ या नावाने ओळखले जाऊ लागले. तेथील आरंभीच्या विद्यार्थ्यांचा निर्वाहही माधुकरीवर होत असे. या रीतीने अनेक होतकरू मुलांची शिक्षणे पुरी झाली, हे नाकारता येणार नाही.

५/२०
तरीही या पद्धतीला दोन मर्यादा होत्या. पहिली जातीची: वार आणि माधुकरी ही मुख्यतः ब्राह्मण विद्यार्थ्यांची सोय होती. शेतकऱ्याचा किंवा महाराचा मुलगा शहरात आला तर त्याला पानावर बसवून घेणारी घरे जवळजवळ नव्हतीच. दुसरी मर्यादा स्वाभिमानाची. जेवण मिळे, पण ते यजमानाच्या मर्जीवर. घरात सोयरसुतक आले, यजमान परगावी गेले किंवा त्यांची मर्जी फिरली, की त्या वारी उपास घडे. मदत होती, हक्क नव्हता. महाराष्ट्राचे पहिले उत्तर ‘दान’ असे होते.

६/२०
या उत्तराला पुण्यातच धक्का बसला. १८४८ साली भिडेवाड्यात जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. वाडा तात्यासाहेब भिडे यांचा होता. शिकवण्याची जबाबदारी सावित्रीबाईंनी उचलली. त्यांच्या शैक्षणिक कार्यात सगुणाबाई आणि फातिमा शेख यांची साथ होती. कोणी जागा दिली, कोणी पुस्तके दिली, कोणी वेळ दिला. आजच्या भाषेत हे सारे स्वयंसेवकच. फरक इतका की, या स्वयंसेवेसाठी सावित्रीबाईंना रस्त्यात शेणमातीचा मारा सोसावा लागला आणि फुले दाम्पत्याला घर सोडावे लागले.

७/२०
या कामाचे फळ लवकरच दिसले. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध प्रसिद्ध झाला. लेखिका होती मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेत शिकणारी एक किशोरवयीन मुलगी. जिला पंतोजींच्या ओसरीची पायरी चढता आली नसती, तिने काही वर्षांच्या शिक्षणानंतर साऱ्या समाजाला जाब विचारला. सार्वजनिक शाळेला दिलेला हात योग्य ठिकाणी पोहोचला म्हणजे काय होते, याचे हे मराठी इतिहासातील एक लखलखीत उदाहरण आहे.

८/२०
त्याच सुमारास सरकारही खेड्यांत शाळा काढू लागले होते. पण शाळागृहाचा आणि शिक्षकाच्या वेतनाचा काही भार गावाने उचलावा, अशी त्याची अपेक्षा असे. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात ‘लोकल फंड’ आला. शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा वसूल व्हायचा आणि त्यातील एक तृतीयांश शिक्षणासाठी ठेवायचा. म्हणजे गावची शाळा आता शेतकऱ्याच्या करावर उभी राहू लागली. मात्र, पैसा देणाऱ्याच्या मुलाला त्या शाळेत शिकायला मिळते का?

९/२०
हाच प्रश्न जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढील निवेदनात मांडला. महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, असे त्यांनी दाखवून दिले. शेतकऱ्यांची मुले शाळेपासून दूर राहण्याची कारणेही त्यांनी नेमकी सांगितली: घरचे दारिद्र्य आणि गुरे राखण्यासाठी, शेतात लक्ष घालण्यासाठी मुलांची लागणारी गरज. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि मागासलेल्या मुलांना शिष्यवृत्त्या व बक्षिसे देऊन शाळेकडे वळवावे, ही त्यांची मागणी होती. स्वतः आयुष्यभर पदरमोड करून शाळा चालवणाऱ्या माणसाने येथे दयेची याचना केली नाही, हिशेब मागितला. तिसऱ्या उत्तराची, म्हणजे ‘हक्का’ची, ही पहिली ठळक मांडणी होय.

१०/२०
हक्क पदरात पडायला मात्र फार काळ लागला. करवीरच्या शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिका उभी केली आणि १९१७ साली आपल्या संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंड होता. ब्रिटिश हिंदुस्थानात गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली असेच विधेयक मांडले होते. ते पुढील वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. एका संस्थानिकाला जे परवडले, ते साम्राज्याला परवडले नाही.

११/२०
या पोकळीत दुसरे उत्तर आकाराला आले: ‘वर्गणी’. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. तेथे वार नव्हता, माधुकरी नव्हती. मुले एका पंगतीत जेवत, स्वतः स्वयंपाक करत, शेतात राबत आणि शिकत. ‘कमवा आणि शिका’ ही योजना माधुकरीच्या झोळीला दिलेले उत्तर होती.

१२/२०
या वसतिगृहामागे गावोगावच्या घरांचे बळ होते. दळण-कांडण करताना गृहिणीने मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचे, त्याला ‘मुष्टिफंड’ म्हणत. एक मूठ म्हणजे काहीच नाही. शेकडो घरांच्या मुठी म्हणजे बोर्डिंगचे जेवण. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले. दान आणि वर्गणी यांतील फरक येथे स्पष्ट होतो. दान देणारा वर उभा असतो आणि घेणारा खाली. वर्गणीत देणाऱ्याचेच मूल उद्या त्या पंगतीत बसणार असते.

१३/२०
पुढचे पाऊल त्याहून मोठे होते. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रयतने ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तेथे ‘व्हॉलंटरी’ प्राथमिक शाळा उघडायला सुरुवात केली. अशा शाळांची संख्या पुढे पाचशेच्या वर गेली. शाळा भरे देवळात किंवा चावडीत, आणि शिक्षक बहुधा त्याच भागातील, अल्प वेतनावर काम करणारा तरुण असे. या शाळा कालांतराने शासनाच्या शिक्षणयंत्रणेत सामावल्या गेल्या. स्वयंसेवेने सुरुवात करायची, गरज सिद्ध करायची आणि मग ती जबाबदारी शासनाने कायमची स्वीकारायची, असा हा क्रम. स्वयंसेवेच्या इतिहासातील हे कदाचित सर्वांत मोठे यश असावे.

१४/२०
स्वातंत्र्यानंतर यंत्रणा विस्तारली. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्याआधी १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत शिक्षक आणि शिकलेले गावकरी रात्री कंदिलाच्या उजेडात प्रौढांना अक्षरे शिकवत. गावात शाळेची खोली बांधायची झाली तर श्रमदान होई, एखादा शेतकरी जमिनीचा तुकडा देई, यात्रेसारखीच शाळेचीही वर्गणी गोळा होई. मावळ-मुळशीच्या पट्ट्यात गाव आणि शाळा यांचे नाते असे घरगुती होते.

१५/२०
नव्वदच्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडीत राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारायला घेतले आणि हे नाते बदलू लागले. माण, मारुंजी, हिंजवडीच्या शेतांत टप्प्याटप्प्याने कंपन्या आल्या. शेजारचे वाकड १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले, हिंजवडीचा कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच राहिला. त्यामुळे एकाच रस्त्याच्या अलीकडील मूल महापालिकेच्या शाळेत आणि पलीकडील मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत, अशी स्थिती निर्माण झाली.

१६/२०
वर्गातील मुलेही बदलली. हातात पैसा आलेल्या अनेक स्थानिक कुटुंबांनी मुलांना इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांत घातले. जिल्हा परिषदेच्या बाकांवर आता बांधकामावरील मजुरांची, सुरक्षारक्षकांची आणि घरकाम करणाऱ्या बायांची मुले बसू लागली. कोणी मराठवाड्यातून आलेले, कोणी कर्नाटकातून, कोणी बिहार-ओडिशातून. इमारतीचे काम संपले की कुटुंब दुसऱ्या साइटवर जाते आणि पटावरचे नाव तसेच राहते. अशा मुलांसाठी पुण्यात ‘डोअर स्टेप स्कूल’सारख्या संस्थांनी थेट बांधकामांवर वर्ग भरवले. रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी १९८८ साली मुंबईत सुरू केलेल्या या कामाचे सूत्र साधे होते: मूल शाळेपर्यंत पोहोचत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत जावे.

१७/२०
मदतीचा ओघही बदलला. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक केले आणि त्या कामांत शिक्षणाचा समावेश झाला. आयटी पार्कच्या परिसरात संगणक, रंगरंगोटी, स्वच्छतागृहे आणि शनिवारचे स्वयंसेवक यांमागे ही तरतूद आहे. २०२१ साली केंद्र सरकारने ‘विद्यांजली’ संकेतस्थळ नव्या स्वरूपात सुरू करून शाळा आणि स्वयंसेवक यांना जोडण्याची सोय केली. मुष्टिफंडाच्या जागी निधी आला. मात्र येथे देणाऱ्याचे मूल बहुधा त्या वर्गात बसत नाही. वर्गणी पुन्हा दानाकडे झुकण्याचा धोका येथेच आहे.

१८/२०
स्वयंसेवकांचा उपयोग खरोखर किती होतो? याचे एक मोजलेले उत्तर उपलब्ध आहे. १९९५ साली मुंबईत माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी स्थापन केलेल्या ‘प्रथम’ने ‘बालसखी’ हा उपक्रम चालवला. वस्तीतीलच एखादी शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन शिकवत असे. मुंबई आणि वडोदरा येथील या उपक्रमाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डफलो आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केला. मुलांचे गुण वाढले, दुसऱ्या वर्षी पहिल्याच्या सुमारे दुप्पट वाढले, आणि सर्वांत मागे असलेल्यांना सर्वाधिक लाभ झाला. परंतु उपक्रम संपल्यानंतर एका वर्षाने त्या लाभाचा बराच भाग ओसरलेला आढळला. यातून दोन धडे मिळतात. रोज येणारी, त्याच वस्तीतील व्यक्ती मोठा फरक घडवू शकते. आणि ती येणे थांबले, की फरक टिकवण्यासाठी शाळेतच कायमची व्यवस्था लागते.

१९/२०
ही कायमची व्यवस्था कायद्याने दिलेली आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार दिला. हंटर आयोगापुढील फुल्यांची मागणी १२८ वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आली. त्याच कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. सरकारी शाळेत तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया. ही समिती शाळेचा विकास आराखडा बनवते आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवते. म्हणजे साइटवर विटा वाहणारी आईदेखील शाळेचा हिशेब विचारू शकते. पुणे जिल्ह्यातच खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेने गावाच्या साथीने असे काम उभे केले, की २०२५ साली तिला जागतिक पातळीवरील ‘कम्युनिटी चॉइस’ सन्मान मिळाला.

२०/२०
दान, वर्गणी आणि हक्क ही तीन उत्तरे एकापाठोपाठ आली; पण जुने उत्तर कधीच पुसले गेले नाही. हिंजवडीसारख्या गावाच्या शाळेत आज तिन्ही एकत्र नांदतात. शनिवारी येणारा अभियंता मुलाला अपूर्णांक समजावून देतो, तेव्हा तो भिडेवाड्याच्या परंपरेत उभा असतो. परंतु शिक्षकाचे रिकामे पद भरून घेणे, स्थलांतरित मुलाचे नाव नव्या शाळेच्या पटावर चढले की नाही ते पाहणे, समितीच्या बैठकीत निधीचा हिशेब मागणे, ही कामे त्याच्या दोन तासांत मावत नाहीत. ती पालकांची, गावाची आणि शासनाची आहेत. भाऊरावांच्या व्हॉलंटरी शाळा अखेर सरकारी व्यवस्थेत गेल्या, यात त्यांचा पराभव नव्हता. त्यासाठीच त्या काढल्या होत्या. प्रकल्प संपून स्वयंसेवक निघून गेल्यावर, सोमवारी सकाळी प्रार्थनेची घंटा झाल्यावर वर्गात शिक्षक उभा आहे का आणि बाकावर मूल आहे का, यावर त्या शनिवारांचे मोल ठरते.

(समाप्त)